महेश्वरचा मुक्काम

महेश्वर आम्ही दोनदा पाहिलं. पहिल्यांदा पलीकडच्या काठावरून. ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमेला निघून फार दिवस झाले नव्हते, पाय अजून चालायला शिकत होते. वाटेत रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीवर डोकं टेकवलं, १७४०च्या एप्रिलमध्ये ते याच काठावर गेले. बकावांत घरोघरी दगडाला घासून शिवलिंगाचा आकार देणारी माणसं पाहिली. आणि एका संध्याकाळी नावडातोडीला शालिवाहन मंदिरापाशी आसन लावलं. आरतीसाठी खाली उतरलो तर समोर किल्ला, त्याच्या पायथ्याशी पायऱ्याच पायऱ्या, दिवे, माणसांची लगबग. मधे नुसतं पात्र. नाववाला दहा मिनिटांत पलीकडे सोडतो म्हणत होता. पण परिक्रमावासीला मैया, म्हणजे नर्मदा, ओलांडता येत नाही, ती कायम उजव्या हाताला ठेवायची. समोरच्या घाटावर जायचं तर आधी समुद्रापर्यंत चालायचं, तिथं नावेत बसून नदीच्या मुखापुढून पलीकडे उतरायचं आणि उत्तर तटानं तेवढंच उलट यायचं. दहा मिनिटांच्या त्या अंतराला आम्हाला पौष उजाडला.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझी थोरली जाऊ. तिला सगळे आक्का म्हणतात, मीही. राहायला इचलकरंजीत, घरात यंत्रमाग. दोघींची मुलं मार्गी लागली, आता जमेल तेवढं चालून येऊ म्हणून निघालो होतो.

परिक्रमेचं गणित घरच्यांना फोनवर समजावताना नाकी नऊ यायचे. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरले, वळसे धरले की अडीच हजारांच्या वर चालणं होतं. ओंकारेश्वरहून उचललेली परिक्रमा आधी पश्चिमेला समुद्राकडे जाते, मग परत पूर्वेला फिरते. त्यामुळे महेश्वर येईपर्यंत हजारेक किलोमीटर पायाखालून गेलेले असतात, आणि जिथून निघालो ते ओंकारेश्वर गाडीरस्त्यानं जेमतेम ६५ किलोमीटरवर असतं. खलघाटच्या चहाच्या टपरीवर हे पहिल्यांदा आक्काच्या ध्यानात आलं. बशी तशीच हातात धरून म्हणाली, “म्हंजे एवढं चाललो ते काय फुकट व्हय?”

फुकट नाही, पण पुढं नेमावर, जबलपूर, अमरकंटक आणि तिथून दक्षिण तटानं परत, असा मोठा हिस्सा शिल्लक होता. त्यात खलघाटला मुंबई-आग्रा रस्ता नर्मदा ओलांडतो. महिनोन् महिने शेताच्या बांधावरून, काट्याकुट्यातून चालल्यावर एकदम ट्रकांची रांग, आणि पाटीवर धुळ्याचं नाव. एका ढाब्यावर ‘एमएच ०९’ नंबरचा ट्रक उभा. कोल्हापूरचा नंबर दिसल्यावर बोलणं आलंच. ड्रायव्हर पोरगेलासा, हातकणंगल्याकडचा. आमची पांढरी लुगडी, दंड, कमंडलू बघून आधी पाया पडला, मग म्हणाला, “बसा की मावशी, शिरोली नाक्याला सोडतो.” चेष्टाच होती. पण मी क्षणभर केबिनच्या पायरीकडे पाहिलं, आणि आक्कानं मला पाहताना पाहिलं.

पायांची अवस्था सांगायची तर माझी डाव्या पायाच्या अंगठ्याची नखी काळी पडून हलत होती आणि आक्काचा उजवा गुडघा पुरीसारखा फुगला होता. शूलपाणीच्या डोंगराळ झाडीत जे पाय कुरकुरले नाहीत ते सपाट डांबरी रस्त्यावर येताच कुरकुरले. चालणाऱ्यांचा हा नेहमीचाच अनुभव. चढ-उतारावर पाऊल दर वेळी वेगळं पडतं, डांबरावर एकाच जागी हजारदा घाव बसतो. धरमपुरीतच मी ठरवलं होतं की महेश्वरला नीट थांबायचं. नुसतं रात्रीपुरतं पाठ टेकणं नाही, थांबणं.

जलकोटीला एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं. तिथंच सहस्रधारा. काळ्या खडकात नदी फुटते, शेकडो धारा आपापल्या वाटेनं धावतात. खडकावर बसून पाय पाण्यात सोडले आणि नंतर उठवेनाच. शेवटच्या चारपाच किलोमीटरला आम्ही दुपार घालवली.

घाटावर पोचल्यावर पहिला तास काहीच केलं नाही, हे आता सगळ्यांना सांगते. आल्या आल्या निवाऱ्याच्या शोधात धावायचं नाही. पिशव्या उतरवल्या, कमंडलूतलं पाणी प्यायलो, बसलो. नदीच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे. यात्रेकरू नावेत बसून तिकडे जात होते. आम्हाला ते निषिद्ध, इथूनच हात जोडायचे. शेजारी एक आजी फुलांचं ताट घेऊन उतरत होत्या. आमचं बोलणं कानावर पडल्यावर थबकल्या.

“मराठी का तुम्ही? कुठले?”

इचलकरंजी म्हटल्यावर त्यांना काही लागलं नाही, नृसिंहवाडीजवळ म्हटल्यावर चेहरा उजळला. चार पिढ्या महेश्वरात, बोली आमच्याहून वेगळी, मधेच हिंदी वळण. “मी धर्मशाळेत सांगून देते, गरम पाणी देतील,” म्हणाल्या, आणि खरोखर आमच्याआधी जाऊन सांगूनही आल्या. परिक्रमेत इतके दिवस आम्ही ‘माताजी’ होतो. आडनाव, गाव, जात, पोरंबाळं काही कुणी विचारत नव्हतं. इथं पहिल्या दहा मिनिटांत माहेर, सासर, मुलं कुठं, सुना कशा, सगळं विचारून झालं. बरं वाटलं हे खोटं कशाला सांगू? फक्त त्या दहा मिनिटांत आम्ही पुन्हा घराच्या झालो, आणि घराची झालेली बाई पुढं चालायला निघणं अवघड.

धर्मशाळेत नेहमीची रीत. “नर्मदे हर” म्हणून दारात उभं राहायचं, आतून “हर” आलं की आत. वहीत नाव, कुठून उचलली, पुढं कुठं. आमच्या परिक्रमेच्या पत्रावर शिक्का. “आसन लगा लो माताजी,” म्हणत व्यवस्थापकांनी कोपरा दाखवला. नियम तीन रात्रींचा, दुखणं असेल तर पुढचं पुढं. भोजनप्रसादी दोन वेळा, स्वतः शिजवायचं असेल तर सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, तेल, मीठ, मिरची मोजून मिळतं. आम्ही पहिल्या रात्री आयतंच जेवलो. डाळ, टिक्कड आणि अंबाडीची भाजी. निमाडात अंबाडी अशी कुठंही भेटते आणि आमच्याकडच्यासारखीच चव लागते. आक्कानं तीनदा वाढून घेतली.

आता मुख्य काम. लोकांना वाटतं मुक्काम म्हणजे झोपणं. पहिला दिवस झोपायला मिळतच नाही.

कपडे आधी. मैयेत साबण लावायचा नाही, हे किनाऱ्यावरची पोरंसुद्धा सांगतात. मागच्या अंगणात हापशाखाली भिजवले. लुगड्याच्या काठातून जे पाणी निघालं त्याचा रंग बघून मी आक्काला हाक मारली. सगळ्या काठाची माती त्यात होती, भडोचकडची काळी, झाडीतली तांबडी. दोन पाण्यांनीही गेली नाही. मग अंगावर एकच कोरडं लुगडं, त्यामुळे वाळेपर्यंत बाहेर जायची सोय नाही. आपोआप बसणं घडलं.

पायांना मिठाचं कोमट पाणी. फोड फोडायचा नाही, सुई-दोरा तापवून आरपार ओवायचा आणि दोरा आत तसाच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं आणि वरची कातडी शाबूत राहते. हे सगळे परिक्रमावासी करतात. डॉक्टर नाक मुरडतात, दोऱ्यातून घाण आत जाते म्हणतात, आणि त्यांचं खरं असावं. मी दोन फोडांना केलं, तिसऱ्याला धीर झाला नाही. आक्काचा गुडघा मात्र दवाखान्यात दाखवला. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दाबून पाहिलं, क्रेप बँडेज बांधायला शिकवलं, खालून वर, पाऊण ताण देऊन, आणि म्हणाल्या की दोन दिवस पायरी चढायची नाही. महेश्वरात पायरी चढायची नाही! घाट पायऱ्यांचा, किल्ला पायऱ्यांचा, धर्मशाळेचा संडाससुद्धा तीन पायऱ्या वर.

मग चपला. बाजाराच्या तोंडाशी एक चांभारदादा बसतात. माझ्या सँडलचा सोल पुढून उघडला होता, मधे गावोगाव कुणी कुणी डिंक लावून दिला होता. त्यांनी तो सगळा खरवडून काढला. आरी आत घातली, मेण चोळलेला दोरा तिच्या नाकात अडकवून वर ओढला, दुसरं टोक फासातून काढून दोन्ही हातांनी आवळलं, पुन्हा आरी. टाका पडला की अंगठ्यानं दाबून बघायचे. पूर्ण सोल गोल शिवला, वर टाचेला टायरचा तुकडा. मी पिशवीत हात घालताना मनात तयारी केली होती की हे नको म्हणणार. गावोगाव तेच व्हायचं, चहावाला नको म्हणायचा, केळीवाला जास्तीची घालायचा. दादा म्हणाले, “अस्सी रुपये.” मी मुकाट्यानं दिले आणि काय सांगू, मन मोकळं झालं. इतके दिवस नुसतं घेत होतो. घेणं हीच साधना, अहंकार जातो, असं आश्रमात सांगतात, ते मला पटतंही. पण कष्टाचे पैसे मोजून द्यायला मिळणं हीसुद्धा विश्रांती असते, हे तिथं कळलं. पैसे दिल्यावर त्यांच्या बायकोनं चहा दिला तो वेगळा. तो आम्ही फुकट प्यायलो.

शेवटचं काम पोस्टाचं. वाटेत लोकांनी ओटी भरताना दिलेले खण, दोन शाली, एक रजईवजा जाड पांघरूण, सगळं पाठीवर साठलं होतं. परिक्रमेत संग्रह करू नये म्हणतात, पण ओटी नाकारायची तरी कशी? जुन्या चादरीत बांधून, कडेनं शिवून, वर शाईनं पत्ता लिहून पार्सल केलं. काट्यावर चार किलोच्या वर भरलं. पोस्टातल्या भाऊंनी पत्ता वाचायचा दोनदा प्रयत्न केला, ‘इचल...’ पाशी अडकले. मागं रांगेत एक विणकर उभे होते. ते पटकन म्हणाले, “इचलकरंजी, भाईसाब. कपडे का शहर है.” मी वळून पाहिलं. अशा ठिकाणी आपल्या गावाचं नाव कुणी पुरं करावं!

त्यांच्याच घरी दुसऱ्या दिवशी गेलो. आक्का पायरी चढणार नव्हती, पण त्यांचं घर खालच्या गल्लीत, उंबऱ्याला एक पायरी, ती मी हिशेबात धरली नाही. लग्न होऊन इचलकरंजीत आले त्या रात्री मागांच्या खडखडाटानं मला झोप लागली नव्हती. आता उलटं झालंय, वीज जाऊन माग थांबले की जाग येते. बीम जोडणं, वहिफणी, कांडी भरणं, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला रात्री हाका मारणं, यात जन्म गेला. त्यामुळे हातमागावर बसलेली बाई आम्ही यात्रेकरूंसारखी बघत नव्हतो, चुका काढायच्या नजरेनं बघत होतो. चूक काही सापडली नाही. ताणा, म्हणजे उभा धागा, रेशमाचा; बाणा, म्हणजे आडवा, सुताचा. धोटा इकडून तिकडे गेला की फणी एकदा ठोकायची, पायाखालची पट्टी बदलायची. मधेच ताण्याचा एक धागा तुटला. आमच्याकडे कामगाराच्या ध्यानात येईपर्यंत वीतभर कापड पुढं सरकतं. ती थांबली, तुटलेली दोन टोकं शोधली, बोटांत पीळ देऊन बारीकशी गाठ मारली, ती फणीच्या घरातून सरकवली, आणि गाठ कापडात जिरेपर्यंत हात हलका ठेवला. आक्का उठून जवळ गेली आणि त्या जागेवर बोट फिरवून आली. “लागत न्हाई हाताला,” एवढंच म्हणाली. आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

महेश्वरी साडीच्या काठाला बुगडी म्हणतात, दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून उलटी नेसली तरी चालते. नक्षीला नावं आहेत, चटई, ईंट, चमेलीचं फूल. बरीचशी किल्ल्याच्या आणि देवळांच्या दगडी कोरीवकामातून उचललेली. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून इथं वसवले असं सगळे सांगतात. मधल्या काळात हा धंदा बसत आला होता. १९७९ मध्ये होळकर घराण्यातल्यांनी रेवा सोसायटी काढली, बायकांना मागावर बसवलं, तिथून पुन्हा सावरला. साध्या साडीला तीनचार दिवस, भरगच्च असेल तर आठवडा उलटतो, असं मागावरची बाई म्हणाली. आमच्याकडे तेवढ्यात किती मीटर निघेल याचा हिशेब मी मनात केला आणि तोंडानं काही बोलले नाही. साडी घेतली नाही. चार किलो कालच पोस्टानं घालवले होते.

राजवाड्यात मी एकटी गेले, आक्का खाली पिंपळाच्या पारावर बसली. मला वाटलं होतं मोठा वाडा असेल. सागवानी खांबांचा, आमच्याकडच्या एखाद्या इनामदाराच्या वाड्याएवढा चौक. अहिल्याबाईंची बसलेली मूर्ती, समोर गादी. १७६७ ते १७९५, पदरी नवरा नाही, सासरा नाही, मुलगा नाही, आणि याच गावातून राज्य. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं बांधली त्या बाईची राहती जागा एवढीशी. आमच्यासारख्या चालणाऱ्यांना पाठ टेकायला ओटा हवा, प्यायला पाणी हवं, हे तिला कुणी सांगितलं असेल? सकाळी तिथं अजून लिंगार्चन चालतं. ब्राह्मण ओळीनं बसून मातीची इवलाली शिवलिंगं पाटावर मांडतात, पूजा होते आणि सगळी मैयेत सोडतात. उद्या पुन्हा नवी. मी शेवटपर्यंत थांबले नाही, पोटात कावळे ओरडत होते आणि बाजारात पोह्यांचा घाणा निघायची ती वेळ.

आदरातिथ्याची अडचण इथून सुरू झाली. मराठी बायका आल्यात हे आजींनी गल्लीत सांगितलं होतं. एका दुपारी तीन घरांतून जेवायचं आमंत्रण. नाही कुणाला म्हणायचं? आधी ज्या घरून आलं त्यांच्याकडे जेवायचं, दुसऱ्यांकडे ताक, तिसऱ्यांकडे संध्याकाळी आरतीला, असा तोडगा काढला. त्या आरतीला दत्ताची करुणात्रिपदी म्हटली. ‘शांत हो श्रीगुरुदत्ता’ नृसिंहवाडीला आम्ही लहानपणापासून ऐकतो, वासुदेवानंद सरस्वतींनी ती वाडीलाच रचली. त्यांची समाधी गरुडेश्वरला, १९१४ ची, नर्मदेकाठी. तिथं आम्ही महिनाभरापूर्वीच माथा टेकवून आलो होतो. इतक्या दूर कृष्णाकाठचे शब्द त्याच चालीवर उठले तेव्हा आक्काचा आवाज फुटला आणि मग बराच वेळ लागला नाही.

रात्री आसनावर पडल्या पडल्या ती म्हणाली, “अगं, दहा दिवसांवर जयंती आली. आजी म्हणतात, सगळा घाट दिव्यांनी भरतो. करूनच जाऊ की.”

नर्मदा जयंती माघ शुद्ध सप्तमीला. राहणं अवघड नव्हतंच, आजींनी मागच्या खोलीचं कुलूप काढून ठेवलं होतं. तीन रात्रींचा नियम धर्मशाळेचा, आजींचा नव्हे. मी म्हटलं, “आक्का, तुमचा गुडघा काय म्हणतोय?”

“गुडघा बरा हाय. म्हणून तर भ्या वाटतंय.”

हे मला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं. दुखत असताना चालणं सोपं असतं, विचार करायला जागा नसते. दोन दिवस पाय उंच ठेवून, गरम पाण्यानं आंघोळ करून, अंबाडीची भाजी खाऊन माणूस बरं झालं की त्याला घर आठवतं. अंगही विचित्र वागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर पहिल्या दिवसापेक्षा जास्त आखडलेली होते. पोटऱ्या दगड. इतके दिवस जे स्नायू रोज ताणले जात होते त्यांनी जरा उसंत मिळताच संप केला. व्यवस्थापक म्हणाले, सगळ्यांचं असंच होतं, बसून राहू नका, सकाळ-संध्याकाळ घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन या. पेशवे घाट, फणसे घाट, अहिल्या घाट अशा दोन फेऱ्या सावकाश मारल्या की पाय सैल व्हायचे.

आमच्याच धर्मशाळेत खानदेशातले एक निवृत्त एसटी कंडक्टर होते, पासष्टीचे, भालोदपासून आमच्या मागेपुढे. ते इथं थांबले. कारण काही मोठं नव्हतं. पाय ठीक, पैसा ठीक, घरी सगळे ठीक. “बस झालं माताजी,” म्हणाले, “ओंकारेश्वर इतकं जवळ दिसलं आणि मन भरलं.” परिक्रमा खंडित झाली की पुन्हा पहिल्यापासून, असं कडक माणसं म्हणतात. टप्प्याटप्प्यानं करणारेही ढिगानं आहेत. मी त्यांना काही म्हटलं नाही, कुणी म्हणूही नये. स्वागत करणाऱ्या गावात परिक्रमा सोडणं यात मला कमीपणा वाटत नाही. झाडीत, तापात, एकट्यानं सोडण्यापेक्षा पोटभर जेवून, धुतलेल्या कपड्यांत, निरोप घेऊन सोडलेली बरी. आम्ही त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. इंदूरची गाडी लागली, तिथून ते पुढं जळगावकडे जाणार होते. चढले, आणि दारात उभे राहून सवयीनं आत हात करत म्हणाले, “चला, पुढं सरका, पुढं सरका.” सगळी बस त्यांच्याकडे बघायला लागली. आक्का इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं.

हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, “उद्या पहाटे निघू.”

जयंतीचं काय, मी विचारलं नाही. जयंती सगळ्याच घाटांवर होते, तोवर जिथं असू तिथं करू.

निघायची रीतही सांगते, कारण ती आम्ही तिथं शिकलो. आदल्या रात्री सगळ्यांचा निरोप घेऊन ठेवायचा. सकाळी घेत बसलात तर प्रत्येक घरी चहा आणि अकरा वाजतात. पिशवी रात्रीच भरायची. पाण्याची शिशी, जिची रोज पूजा करतो ती मैया, सगळ्यात वर, कपड्यात गुंडाळून. कोपरा झाडून द्यायचा, वापरलेली चटई उन्हात टाकायची. दानपेटीत यथाशक्ती घालायचं, आणि ते कुणी बघत नसताना. आम्ही हे सगळं केलं. तरी आजी पहाटे अंधारात कंदिलासारखा मोबाइल धरून घाटावर उभ्या होत्याच. हातात डबा. दशम्या आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. “डबा परत नको,” म्हणाल्या. संग्रह पुन्हा सुरू!

मुक्कामानंतरचा पहिला दिवस थोडका चालायचा. ताज्या पायांना जोर असतो, पण सवय मोडलेली असते आणि पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर ओढणारे संध्याकाळी लंगडतात. मंडलेश्वर आठ किलोमीटरवर. तिथं न थांबता, चहा घेऊन, जमलं तर पुढच्या एखाद्या गावापर्यंत, एवढाच बेत. शंकराचार्य आणि मंडनमिश्रांचा वाद मंडलेश्वरला झाला असं तिथले लोक मानतात, महेश्वरवालेही मानतात. आम्ही वादात पडलो नाही. उन्हं वर यायच्या आत गावात शिरलो. नवा सोल कडक होता, टाचेवरचा टायर खडीवर टकटक वाजत होता, बाकी पाय गप्प होते.

पहिल्याच चौकात चहावाल्यानं आवाज दिला, “नर्मदे हर! माताजी, महेश्वरहून का? बसा. आमच्या गावचं अन्नक्षेत्र बघा आधी, महेश्वरापेक्षा चांगलं आहे. आज इथंच आसन लावा.”

“नको दादा,” मी म्हटलं, “चहा घेतो आणि निघतो.”

आक्कानं तोवर चपला काढल्या होत्या.